तीन हिसके

बाइंडर अंगणाच्या मधोमध मान वर करून उभे होते. हातात खळीची कुंचली तशीच होती. तिच्यातला एक थेंब चपलेवर टपकला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. वर आकाश कोरडं ठणठणीत, ढग नाही की पाखरू नाही. आणि पाठीमागे दहा पावलांवर स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर भसाभस बाहेर पडत होता.

कुणीतरी खांदा धरून गदागदा हलवलं तेव्हा ते वळले. शेजारचे पोस्टमास्तर. धावत आल्यामुळे तोंड लालबुंद, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. ते काहीतरी ओरडत होते. ओरडणाऱ्याचे ओठ बाइंडरांना वाचता येत नाहीत, हे चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांना चांगलं माहीत होतं, पण घाबरल्यावर कुणाला काय आठवतं. शेवटी त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

दोघं आत पळाले. दुधाच्या पातेल्याचा पार कोळसा झाला होता. पोस्टमास्तरांनी गॅस बंद केला आणि पातेलं फडक्यात धरून मोरीत टाकलं. छताला लावलेल्या पांढऱ्या डबीतला लाल दिवा चिडल्यासारखा लुकलुकत होता. बाइंडरांच्या डाव्या मनगटावरचा काळा पट्टा अजून थरथरत होता. तीनदा थरथरायचा, थांबायचा. पुन्हा तीनदा.

पोस्टमास्तर धापा टाकत स्टुलावर बसले. भिंतीवरच्या खिळ्याला कागदाच्या लांब पट्ट्यांचा गठ्ठा टांगलेला होता. पुस्तकांच्या कडा कापल्या की उरतात तशा पट्ट्या. या घरात लांबलचक काही बोलायचं तर ते त्यांच्यावर लिहून. पोस्टमास्तरांनी एक पट्टी ओढली. सगळी नोकरी तारा पाठवण्यात गेली होती, त्यामुळे ते अजूनही शब्द मोजून लिहायचे.

'दूध जळाले. घर वाचले. वर काय बघता.'

"पट्टा थरथरला ना," बाइंडर म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की माणूस एकतर पुटपुटतो नाहीतर ओरडतो. ते ओरडणाऱ्यांपैकी. "थरथरला म्हणून उठलो."

'मग आत यायचे. अंगणात का.'

बाइंडरांनी पट्टी दोनदा वाचली. प्रश्न बरोबर होता. पट्टा थरथरला, ते उठले, बाहेर आले, वर बघितलं. इतकंच त्यांना सांगता आलं असतं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"ठमीला काही कळवू नका," ते म्हणाले.

पोस्टमास्तरांनी त्यांच्या मनगटाकडे बघितलं आणि लिहिलं, 'याने केव्हाच कळवले. चहाडखोर आहे.'

ठमी म्हणजे त्यांची मुलगी. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, ऑफिसात पंधरा माणसं हाताखाली. पण बाइंडरांच्या तोंडात ती ठमीच. दुसऱ्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायची. आई गेल्यापासून तीन वर्षं तिचं एकच म्हणणं होतं, बाबा, माझ्याकडे चला. ऐकू येत नाही, घरात एकटे, कधी काय होईल सांगता येतं का. आणि बाइंडरांचंही तीन वर्षं एकच, हातातलं काम संपलं की बघू. बाइंडरचं काम कधी संपत नसतं. लोक पुस्तकं फाडतच असतात.

शेवटी तिने हा पट्टा आणला होता. दुकानातला माणूस येऊन स्वयंपाकघरात धुराची डबी, दारावर नवी घंटी, सगळं बसवून गेला. पट्टा एकदा थरथरला तर फोनवर निरोप आलाय. दोनदा, तर दारात कुणीतरी आहे. तीनदा, तर धूर, ताबडतोब स्वयंपाकघरात जा. कारखान्यातूनच तसं लावून येतं म्हणे. पट्ट्याला बटण एकच. ते दाबलं की मुलीच्या फोनवर उमटायचं, 'कळलं'. तिला हवं तेव्हा तिच्या फोनवरूनही पट्टा थरथरवता यायचा.

"एक महिना," ठमी म्हणाली होती, त्यांच्या समोर बसून, एकेक शब्द ओठांवर नीट ठेवत. "महिनाभर हे जमलं तर राहा इथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं. कबूल?"

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?" बाइंडर म्हणाले होते. "एक, दोन, तीन. बालवाडीतलं पोर करेल."

दोनचं छानच जमलं. पट्टा दोनदा थरथरला की ते थेट दाराशी. दूधवाला सुद्धा चाट पडला. पण एकचं काही जमेना. एकदा थरथरलं की ते हातातलं काम ठेवून अंगण ओलांडून स्वयंपाकघरात जायचे. तिथे ओट्यापाशी थोडा वेळ उभे राहायचे. मग आलोच आहोत तर म्हणून चहा टाकायचे. निरोप फोनमध्ये पडून राहायचा. ठमी विचारायची, तुम्ही उत्तर का देत नाही, आणि दिवसाला सात-आठ चहा होत होते. त्या दिवशीचं दूध असंच चढवलं होतं. चढवलं आणि शिलाई अर्धी राहिलीय म्हणून परत कामाच्या खोलीत आले.

आणि तीनचं तर हे असं. दुकानातल्या माणसाने पहिल्या दिवशी डबीखाली कागद पेटवून दाखवला होता, तेव्हाही ते अंगणात जाऊन उभे राहिले होते. तो माणूस हसला होता. ठमी हसली नव्हती.

संध्याकाळी ती फोनच्या काचेत आली. चेहरा अगदी जवळ, ओठ दिसावेत म्हणून.

"बाबा, तुम्ही अंगणात काय करत होतात?"

"काही नाही."

"पोस्टमास्तरकाका म्हणाले, वर बघत होतात."

"कळवलं ना त्याने! चहाडखोर तो आहे, पट्टा नव्हे."

ती हसली नाही. "बाबा, विसरायला होतंय का हल्ली? खरं सांगा. रागावणार नाही."

बाइंडरांनी मान हलवली. नाही. पण फोन ठेवल्यावर ते कामाच्या खोलीत जाऊन बसले आणि समोरच्या शब्दकोशाचे फर्मे, शिवायच्या पानांचे जुडगे, मोजले. शाळेच्या वाचनालयाचा जाडजूड शब्दकोश होता तो, पाठीतून मोडलेला. फर्मे चौसष्ट. पुन्हा मोजले, चौसष्टच. बायकोचा जन्मदिवस आठवला. शाळेतल्या मास्तरांची नावं ओळीने आठवली. डोकं तर जागेवर होतं. मग पाय असे भलतीकडे का जातात? कान गेले तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. तापाचं निमित्त झालं आणि तीन महिन्यांत जग बंद झालं. तेव्हाही इतकी भीती वाटली नव्हती. कान गेले तर डोळे होते, हात होते. आणि बायको होती.

शनिवारी ठमी आली. हातात मोठी बॅग. उचलताना हलकी दिसत होती, म्हणजे रिकामी. तिने कपाट उघडून सदरे काढले, घडी मोडली नव्हती तरी पुन्हा घड्या घातल्या आणि बॅगेत रचायला लागली.

"शब्दकोश राहिलाय," बाइंडर दारातून म्हणाले. "सोमवारी द्यायचाय."

ती वळली. "तेवढा करा. सोमवारीच निघू."

कामाच्या खोलीत त्यांनी दिवा लावला. ही खोली अंगणाच्या पलीकडे, घरापासून सुटी. खिडकी उंचावर, तीही दुधी काचेची. आतून आकाश दिसत नाही, आणि बाइंडरला ते लागतही नाही. त्यांनी दोऱ्याला मेण लावलं, सुई ओवली आणि एकेक फर्मा शिवत बसले. हात आपले चालत होते. अ संपला, आ लागला. शब्दकोश शिवायचा तर अक्षर अक्षर हाताखालून जातं. क पर्यंत आले होते.

मनगट थरथरलं. एक, दोन, तीन.

बाइंडरांनी सुई मेणाच्या गोळ्यात खोचली. हात पुसले. उठले. चौकट ठेंगणी म्हणून मान खाली घातली, उंबऱ्यावर आले आणि वर बघितलं. काही नव्हतं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. काही नव्हतं. मग त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, चौकटीच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर. दोन बोटं आकड्यासारखी वाकली आणि ओढायला लागली.

बोटांना गुळगुळीत रंग लागला. मागच्या वर्षीचा.

बोटं तिथेच थांबली. रंगाखाली बारीक उंचवटा होता, लांबी भरून भोक बुजवल्याचा. बाइंडरांनी तो चाचपला. एकदा, दोनदा. मग सावकाश समोर बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठमी उभी होती. धूरबीर काही नव्हता. तिच्या हातात फोन होता आणि अंगठा अजून त्यावर टेकलेला होता. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. त्यांच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होती.

दोरी होती तिथे.

कान गेले त्या वर्षी पहिले काही महिने फार वाईट गेले. ते अंगणापलीकडे शिलाई करत बसलेले, बायको इकडे स्वयंपाकात. हाक मारून उपयोग नाही आणि दर वेळी चूल सोडून यायचं कसं? तिने दिवा लावून बघितला, तर यांची पाठ दिव्याकडे. मग ती खिडकीतून बटाटे मारायला लागली. नेम चांगला होता तिचा. पण एक बटाटा खळीच्या भांड्यात पडला आणि एका वकिलाच्या बारा जाडजूड पुस्तकांवर खळ उडाली. त्या रात्री बाइंडरांनी शिलाईच्या दोऱ्याचे सहा पदर एकत्र वळले, मेणात घोळवले. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून अंगणाच्या भिंतीने, चौकटीतल्या भोकातून, थेट कामाच्या टेबलापर्यंत दोरी नेली. टोकाला कापडी कडं. काम करताना ते डाव्या मनगटात अडकवायचं. तिच्या बाजूला एक छोटी घंटी, कारण ती ऐकणारी.

एक हिसका, या, चहा झाला, नाहीतर ताट वाढलंय. दोन, दारात माणूस. आणि तीन म्हणजे बाहेर या आणि वर बघा.

कारण आकाश तिच्या खिडकीतून दिसायचं, यांच्या नाही. घारी घिरट्या घालताहेत, तीन हिसके. इंद्रधनुष्य निघालं, तीन हिसके. एकदा कुणाचा तरी फुगा सुटून चालला होता, तर त्यालाही तीन. बाइंडर सुई खोचायचे, हात पुसायचे, उंबऱ्यावर यायचे आणि बघून झालं की चौकटीपाशी दोरी एकदा ओढायचे. तिकडे घंटी वाजायची. पाहिलं.

पण हात पुसण्यात वेळ जायचा. निम्म्या वेळा ते पोचेपर्यंत वर काहीच नसायचं. तरी ते दोरी ओढायचेच. तिला उगाच कशाला हिरमुसवायचं? एकदा तिने ताटावर बसल्यावर विचारलं, "काय पाहिलंत? सांगा."

बाइंडरांनी घास गिळला. "पोपट."

"कसे होते?"

"हिरवे होते."

"बगळे होते हो! पांढरेशुभ्र! चांगली माळ लागली होती." आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून त्या घरात थापेला थाप म्हणायची सोयच राहिली नाही. गणितात किती मार्क मिळाले, म्हणून विचारलं की ठमी पुस्तकात तोंड खुपसून म्हणायची, हिरवे होते.

बायको गेल्यावर कडं दोन वर्षं खिळ्याला लटकत राहिलं. रंगारी आला आणि त्याने खुणेने विचारलं, काढू? बाइंडर म्हणाले, काढ, आता कोण ओढणार आहे.

ठमी अंगण ओलांडून आली. उंबऱ्यापाशी येऊन तिने चौकटीवरचा तो उंचवटा स्वतःच्या बोटाने चाचपला.

"एक मी ओढायचे," ती म्हणाली. "चहा झाला की आई मला ओढू द्यायची. दोनपण मीच. पण तीन नाही ओढू द्यायची. म्हणायची, ते माझं आहे, तू हात लावायचा नाहीस. मला कधी कळलंच नाही तीनला तुम्ही काय करायचात."

"बाहेर यायचो," बाइंडर म्हणाले.

"आणि?"

"आणि काय? वर बघायचो."

तिने चौकटीवरचं बोट काढलं. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "म्हणून चहा! बाबा, आठ-आठ चहा! मी तिकडे डॉक्टरची वेळ घेऊन बसलेय."

"रद्द कर," बाइंडर म्हणाले. जरा जास्तच मोठ्यांदा. भिंतीपलीकडे पोस्टमास्तरांचं डोकं वर आलं आणि सगळं ठीक दिसल्यावर खाली गेलं.

ती टेबलापाशी त्यांच्या शेजारी बसली, लहानपणी बसायची त्याच खोक्यावर. फोन उघडला. बाइंडर पुढचा फर्मा शिवायला घेऊन बसले. मध्येच ती त्यांच्या हातावर टिचकी मारायची, ते मान वर करायचे, ती विचारायची.

"दोन राहू दे ना दाराला?"

"दोन बरोबरच आहे."

"निरोपाला एक छोटी, एक मोठी थरथर लावते. चालेल?"

"चालेल. तसं काही तुझ्या आईने केलं नव्हतं."

"एक मी दुपारी एकला लावून ठेवते. एक वाजला की थरथरेल. उठायचं आणि जेवायचं. नुसता चहा नाही."

बाइंडरांनी मान डोलावली.

"आणि धूर?"

त्यांनी सुई थांबवली. विचार केला. "धुराला लांबच लांब लाव. मी उठेपर्यंत थांबायचंच नाही असं. तसं कधी कुणी ओढलं नाही. मग पाय चुकायचे नाहीत."

तिने तसं केलं. स्वयंपाकघरात जाऊन मोरीत कागद पेटवला. मनगट भुंग्यासारखं घुमायला लागलं, थांबेचना, आणि बाइंडर दाणदाण पावलं टाकत थेट स्वयंपाकघरात आले. ती दारात उभी होती, बाजूला झाली. त्यांनी पेटता कागद बघितला, तांब्याभर पाणी ओतलं आणि बटण दाबलं. तिच्या हातातला फोन उजळला. कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने तीनदा कागद पेटवला, न सांगता. एकदा तर ते दाढी करत असताना. तोंडाला फेस तसाच घेऊन ते आले.

सोमवारी सकाळी शब्दकोश पुस्तकं दाबायच्या शिकंज्यातून निघाला. पाठ सरळ, कोपरे चोख. बाइंडर तो कापडात गुंडाळून आत आले तेव्हा कपाट अर्धवट उघडं होतं. आत त्यांचे सदरे परत जागेवर होते. ठमी दाराशी बॅग घेऊन उभी होती. बॅग उचलताना अजून हलकीच दिसत होती.

"तीनला काय लावू, ते राहिलंच," ती म्हणाली. "काढून टाकू का?"

बाइंडर शब्दकोशाची गाठ घट्ट करत होते. वर बघितलं नाही.

"राहू दे ते. रिकामंच राहू दे."

पुढे दोन-तीन आठवडे तीन रिकामंच राहिलं. दूध उतू गेलं नाही. चहा तीनवर आला. शाळेने शब्दकोशामागोमाग नकाशांची पुस्तकं पाठवली, ती आणखी फाटकी. पोस्टमास्तरांनी आपली रोजनिशी बांधायला आणून टाकली आणि पट्टीवर लिहिलं, 'घाई नाही. मरणाआधी हवी.'

एका दुपारी, उन्हं कलायला लागली असताना, बाइंडर नकाशांच्या पानांना कडेने कापडी पट्टी चिकटवत होते. एका नदीपाशी आले होते. मनगट थरथरलं.

एक, दोन, तीन.

कुंचली हवेतच राहिली. त्यांनी मनगटाकडे बघितलं. धूर नव्हता, धुराचं लांब असतं. दार नव्हतं, जेवण झालं होतं. काहीतरी बिघडलं असेल. ते तसेच बसून राहिले, पुन्हा थरथरतं का बघत. पुन्हा काही थरथरलं नाही. बायकोही कधी दुसऱ्यांदा ओढायची नाही. आलात तर आलात, नाहीतर गेलं उडून, म्हणायची.

बाइंडरांनी कुंचली भांड्यात ठेवली. हात पुसले. मान खाली घालून चौकटीतून उंबऱ्यावर आले आणि वर बघितलं.

विजेच्या दोन तारा. त्यांच्यावर कुणाचा तरी अडकलेला पतंगाचा सांगाडा. पलीकडे फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखं आकाश. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. अंगणात उतरून मागे वळूनही बघितलं. काही नव्हतं. असलंच तर तिकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत असेल. भिंतीपलीकडे पोस्टमास्तर झाडांना पाणी घालत होते. त्यांनीही झारी धरून मान वर केली, थोडा वेळ शोधलं आणि हातानेच विचारलं, काय?

बाइंडरांनी हात हलवून त्यांना थांबा म्हटलं. उजव्या हाताने डावं मनगट धरलं आणि बटण एकदा दाबलं.

ते आत जायला वळले तोच मनगट थरथरलं, एक छोटी, एक मोठी. खिशातून फोन काढून, चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी वाचलं.

'काय पाहिलंत? सांगा.'

बाइंडर उंबऱ्यावर बसले. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. ह सापडायलाच बराच वेळ लागला.

'हिरवे होते.'